चाळीस हिरव्या बरण्या

त्या चाळीस बरण्यांवर हिरवी झिलई मी चढवली. माझ्या हातांनी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी शोधत बसायला नको.

मी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होते. झिलई म्हणजे भाजलेल्या मातीवर देतात तो लेप. दुसऱ्यांदा भट्टीत गेला की काचेसारखा चमकतो. आमच्याकडे दोन पिंपं असायची. पांढऱ्या पिंपातली झिलई कपांना, वाडग्यांना. हिरव्या पिंपातली कुंड्यांना, फुलदाण्यांना, दिव्यांच्या बैठकीला. हिरवीत शिसं असतं. शिशामुळे ती कमी आचेवर वितळते आणि अशी झळकते की गिऱ्हाईक हात लावल्याशिवाय राहत नाही. म्हणून हिरव्या पिंपातून निघालेल्या प्रत्येक वस्तूच्या बुडाला एक कागद चिकटवायचा, असा नियम होता. ‘फक्त शोभेसाठी. खाण्यापिण्याचे ठेवू नये.’

एके दिवशी मालक म्हणाले, “त्या चाळीस बरण्यांचे कागद काढून टाक. बाईंना स्वतःचं लेबल लावायचंय.”

“कसलं लेबल? काय ठेवणार आहेत त्यात?”

“फुलं ठेवतील नाहीतर डोकं ठेवतील. तू वकील आहेस का त्यांची?”

मी ओलं फडकं आणि पातं घेऊन बसले आणि चाळीस कागद खरवडून काढले. एकदा विचारलं होतं ना, झालं तर मग, असं मनाशी म्हणत. दुसऱ्यांदा विचारायला माझी जीभ झडली नव्हती. पण नाही विचारलं.

बाई म्हणजे निसर्गताई. पूर्वी पडद्यांचं कापड विकायची, आता सुदृढ बाळं घडवायची. ‘नैसर्गिक बाळ’ नावाचा वर्ग होता तिचा, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पोटुशा बायका सतरंजीवर बसायच्या आणि ही सांगायची की गोळी म्हणजे विष, सुई म्हणजे भीती, आणि डॉक्टर म्हणजे दोन्हीचा दुकानदार. लोहाच्या गोळ्या बंद, कॅल्शियम बंद. त्याऐवजी घरी केलेला कोंबुचा. म्हणजे गोड चहा करायचा, गार करायचा, त्यात जेलीसारखी एक जाड चकती सोडायची आणि आठ-दहा दिवस फडक्याखाली आंबू द्यायचा. त्या चकतीला ती ‘आई’ म्हणायची. आईचं पोट ठीक तर बाळाचं पोट ठीक, असा एकूण हिशेब. काच नको, ती कारखान्यात होते. प्लास्टिक तर नकोच. भांडं मातीचंच हवं. आमच्या बरण्या जशा काही झाडाला लागल्या होत्या.

माझी वहिनी त्या वर्गाला जायची हे मला माहीत होतं. बरण्या तिथेच गेल्या हे माहीत नव्हतं.

वहिनीचं दोनदा पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, “असं होतं. पुढच्या वेळी बघू. पुढचा पेशंट.” आणि निसर्गताई तिचा हात हातात धरून तासभर बसली होती. त्या बाईबद्दल मला काहीही वाटो, पण ती बसली होती. मी नव्हते बसले. मला त्या दिवशी रजा मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी दादाकडे जायचे, पण मधले दोन-अडीच महिने फिरकले नव्हते. दोन गल्ल्या पलीकडेच तर मी एका खोलीत राहत होते. नवऱ्याला सोडून आले तेव्हा दादाच्याच ओळखीने ती मिळाली होती. त्या दिवशी वहिनी सातव्या महिन्यात. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात दोन हिरव्या बरण्या. एकीवर फडकं आणि रबर. दुसरी रिकामी.

“एवढी धुऊन दे गं,” वहिनी म्हणाली. “मला वाकवत नाही. साबण नको लावू हं, आईला चालत नाही.”

“कुणाच्या आईला?”

“बरणीतल्या!” ती हसली. तिचं तोंड फिकं पडलं होतं, पण हसली.

मी आत हात घातला आणि तसाच ठेवला. गळ्याशी बोट घसरत होतं, गुळगुळीत. खाली गेलं की खरखर. खडूवरून फिरवावं तशी. उजेडात धरली. वर दोन बोटं झळझळीत हिरवं, खाली बुडापर्यंत मळकट, मेलेलं. जिथवर तो आंबट चहा उभा राहिला होता तिथवर झिलई खाल्ली गेली होती. खाल्ली गेली म्हणजे गेली कुठे, हे मला कुणी सांगायला नको होतं.

“वहिनी, किती दिवस पितेस हे?”

“झाले की दोन महिने. सकाळी पेलाभर, संध्याकाळी अर्धा. का गं?”

“ओतून दे. आत्ता. या आमच्या कारखान्यातल्या बरण्या आहेत. यांच्या झिलईत शिसं आहे. आंबट घातलं की ते सुटतं आणि त्यात उतरतं.”

 पोटावर हात ठेवून वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुला बघवत नाही ना?”

“काय?”

“तुला नाही झालं. मला होतंय. इतके दिवस नीट चाललंय आणि तू आलीस तोंड वेंगाडून. ताईंनी सांगितलंच होतं, जवळचेच लोक भीती घालायला येतात.”

आवाज ऐकून दादा आत आला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या बोटांना कायम ग्रीसचा वास. त्याने दोघींकडे पाहिलं आणि सोपं ते केलं. “बुटके, तू घरी जा. तिला त्रास नको आता.”

“दादा, मला नको बघू. बरणी बघ.”

“घरी जा म्हणतोय ना!”

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर उभी. म्हटलं, बरण्या परत मागवा, सगळ्या बायकांना कळवा. मालकांनी चष्मा पुसला. त्यांचं असं होतं, खोटं बोलण्याआधी चष्मा स्वच्छ लागायचा.

“आपण शोभेची वस्तू म्हणून दिली. त्यांनी त्यात लोणचं घातलं नाहीतर बाळ घातलं, आपला काय संबंध?”

“बुडाचा कागद आपण काढला.”

“आपण?” मालक म्हणाले. “मी पातं हातात धरलेलं तुला आठवतं का?”

मग मी निसर्गताईच्या वर्गात गेले. चपला काढायच्या राहिल्या, तर दारातली एक बाई म्हणाली, “पादत्राणं बाहेर, इथली ऊर्जा बिघडते.” मी तशीच आत शिरले. पंचवीसेक बायका, पंचवीसेक पोटं. पुढे निसर्गताई आणि तिच्या बाजूला माझी एक बरणी, टोपरं घातल्यासारखी फडक्यात. भिंतीजवळ वहिनी. मला बघून तिने मान खाली घातली. मागे दादा उभा, तिला न्यायला आलेला.

मी निसर्गताईजवळची बरणी उचलली, चहा बादलीत ओतला आणि बरणी खिडकीच्या कठड्यावर आपटली. बायका किंचाळल्या. मी अर्धा तुकडा वर धरला.

“हे बघा. वरचं चमकतंय, खालचं नाही. खालची चमक तुम्ही प्यायलात. त्यात शिसं असतं. मी ही झिलई लावते, रोज लावते. बुडाला कागद होता, यात खाण्यापिण्याचं ठेवू नका म्हणून. तो मी काढला, मालकांच्या सांगण्यावरून. माझं चुकलं. पण आज रक्त तपासून घ्या, उद्यावर टाकू नका.”

 पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं, “म्हणजे स्टीलच्या पातेल्यात केला तर चालेल का?”

मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटलं. निसर्गताई मात्र शांत. आवाज मधात बुडवल्यासारखा. “बघा, भीती अशीच असते. दार ढकलून येते. डोळे मिटा. श्वास घ्या.” आणि बायकांनी डोळे मिटले हो! पंचवीसच्या पंचवीस. नाही, चोवीस. वहिनीचे उघडे होते. ती माझ्या हातांकडे बघत होती.

“तू काढलास कागद?” तिने विचारलं. एवढंच.

दादा पुढे आला, माझ्या हातातला तुकडा घेतला आणि नखाने खरवडून पाहिला. वर एकदा, खाली एकदा. आयुष्यभर त्याने तेच केलंय. कुठला भाग नुसता मळलाय आणि कुठला झिजलाय, ते त्याच्या नखाला कळतं.

“हे झिजलंय,” तो म्हणाला. मग वहिनीला, “ऊठ.”

रक्ताचा निकाल तीन दिवसांनी आला. डॉक्टर दुसरी होती, मान वर करून बोलणारी. तिने सांगितलं की शिसं वाढलंय आणि आईच्या रक्तातलं बाळाकडे जातंच. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असतं तर अंगात जरा कमी मुरलं असतं. वहिनीने त्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वी शौचकुपात टाकल्या होत्या. दादाने विचारलं, बाळाला काय होईल? डॉक्टर म्हणाली, “काही नाही होणार असं मी म्हणणार नाही. जन्मल्यावर तपासत राहू. बसायला, बोलायला, लक्ष द्यायला उशीर होतो का ते बघत राहावं लागेल.”

मुलगी झाली. तीन आठवडे आधी, हातात मावेल एवढी. मी दवाखान्यात गेले तर वहिनीने पदर मुलीच्या तोंडावर ओढला. माझ्या तोंडावर दार आपटलं असतं तरी चाललं असतं.

“हात नको लावूस,” ती म्हणाली. चिडून नाही. गरम भांड्याला हात लावू नको म्हणावं, तसं.

आता बाकीच्यांचं ऐका. वर्गातल्या आणखी चारजणींच्या रक्तात शिसं निघालं. बाकीच्यांनी तपासलंच नाही. बोभाटा झाला तशी निसर्गताईने सगळ्यांना पत्र पाठवलं. आपण स्वतः फसवले गेलो, कारखान्यातल्या एका कामगार बाईने धोक्याची सूचना खरवडून काढली आणि पंचवीसजणींसमोर तसं कबूलही केलं. मालकांनी तेच पत्र माझ्यापुढे ठेवलं, चष्मा पुसला आणि मला घरी पाठवलं. कबुली माझी, साक्षीदार तिचे, फायदा मालकांचा. चौकशीला सरकारी माणूस आला तेव्हा हिरवं पिंप धुऊन पालथं घातलेलं होतं. आणि वर्ग? बंद पडला असेल असं वाटतंय ना? आता तिथे काचेच्या बरण्या आहेत आणि ताई पहिल्या दिवशी आपल्या फसवणुकीची गोष्ट सांगते. बायका रडतात म्हणे. बसायला जागा नसते.

मी आता एका खानावळीत भांडी घासते. हात तेच, काम उलटं.

मुलीचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासायचं होतं. शिशाचा आकडा पहिल्यांदा चौदा आला, मग नऊ. हे दादाने फोनवर सांगितलं, जिन्यात उभं राहून, दबक्या आवाजात, जशी मी त्याची कुणी बाहेरची भानगड आहे. तिसऱ्या वेळी त्याचा फोन आला नाही. दोन दिवस वाट पाहिली आणि सरळ प्रयोगशाळेत गेले.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, “तुम्ही कोण मुलीच्या?”

“आत्या.”

“आत्याला नाही देता येत. आई किंवा वडील लागतात.”

“आकडा फक्त सांगा. कागद नको मला.”

“बाई, नियम आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी नियम पाळत होतं आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी बाकावर जाऊन बसले. तेवढ्यात वहिनी आली, मुलगी खांद्यावर. तिने मला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, खिडकीतून पाकीट घेतलं, तिथेच उभ्याने फोडलं. वाचलं. मग मुलीच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज खोलीभर जाईल असा.

“सात झालंय गं, मने. चौदाचे नऊ, नऊचे सात. कळलं ना? ज्यांना कळायचं त्यांना कळलं.”

मी उठले. वहिनी दारापर्यंत गेली आणि थांबली, माझ्याकडे पाठ करून. खांद्यावरून मुलीचं तोंड माझ्याकडे. ती वहिनीची कॉलर चोखत होती आणि तिची नजर भिंतीवरच्या ट्यूबलाइटवर.

“नऊ महिन्यांची झाली,” वहिनी म्हणाली. वळली नाही. “एव्हाना हाकेला वळायला पाहिजे म्हणतात. हाक मार.”

“मी?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“मने,” मी म्हटलं. आवाजच फुटला नाही नीट. “ए मने!”

मुलगी दिव्याकडे बघत राहिली.

“मने, इकडे बघ. आत्या गं.” खिडकीतला माणूस वळला. बाकावरची म्हातारी वळली. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले, हात मागे बांधून. पुन्हा हाक मारली, पोटापासून, गल्लीतून कुणाला बोलवावं तशी.

कॉलर तोंडातून सुटली. डोळे दिव्यावरून हळूहळू खाली आले, भिंतीवरून, खिडकीवरून, आणि माझ्यावर येऊन टेकले. हसली वगैरे नाही. नुसती बघत राहिली.

“चार,” वहिनी म्हणाली. ती हाका मोजत होती. “मला काल सहा माराव्या लागल्या.”

आणि दार ढकलून ती निघून गेली.