लेक येईपर्यंत बंद ठेवलेला पंप

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल आणि पाहायची वेळही तुमच्यावर येऊ नये. सोलापूरच्या एका इस्पितळातल्या अतिदक्षता विभागात मी खाटेशेजारी उभा असतो. मला सिरिंज पंप म्हणतात. माझ्यात औषधाची सिरिंज बसवतात, ती मी हळूहळू रेटतो आणि रुग्णाचं दुखणं शमतं. कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! आता माझं झाकण चिकटपट्टीवर तग धरून आहे. नातेवाईक शेजारच्या आकड्यांच्या पडद्याकडे टक लावून बसतात. मी कोकललो तरच माझ्याकडे बघतात. श्रीदेवी सिस्टर तेवढ्या येता-जाता माझ्यावरून हात फिरवतात.

मागच्या उन्हाळ्यात बिरप्पा आले. जन्मभर मेंढरांमागे रान तुडवलेला माणूस. कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता आणि आता ते बरे होणार नाहीत, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. घशात नळी असल्याने त्यांना बोलता येत नव्हतं. लेक मायाक्का जेऊरहून निघाली होती. बापाने लेकीला ओळखावं आणि तिच्याच हातचं शेवटचं पाणी त्याच्या ओठी लागावं, असा थोरल्या मुलाचा, जोतिरामचा हट्ट होता. माझ्या औषधाच्या गुंगीत बाप ओळखणार कसा? म्हणून त्याने मला बंद करायला लावलं. सिस्टरांनी डॉक्टरांना विनवलं, की बिरप्पांच्या कपाळावरच्या आठ्या बघा, फार दुखतंय त्यांना. घरच्यांचा आग्रह आहे, लेक येईपर्यंत थांबू, असं उत्तर आलं.

मी थांबलो. बिरप्पांच्या मुठी आवळल्या. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं. सिस्टर ते पुसत राहिल्या. माझ्यात औषध भरलेलं होतं हो, आणि मला ते ढकलता येत नव्हतं. याहून मोठं दुःख मला ठाऊक नाही.

मायाक्का दुपारी धावतच आली. बापाने तिला ओळखलं, तिचा हात धरला, पण त्याची थरथर काही थांबेना. जोतिरामने पाण्याचं भांडं पुढे केलं. तिने ते घेतलंच नाही. ती सिस्टरांकडे वळली.

"बाई, ते मशीन चालू करा की. मला न्हाय वळखलं तरी चालंल. मेंढरालाबी असं तळमळू देत न्हाय आमी."

जोतिराम तोंड फिरवून रडला. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं आणि मी पुन्हा सुरू झालो. आठ्या हळूहळू विरल्या. मग मायाक्काने ओलं बोट बापाच्या ओठांवरून फिरवलं. संध्याकाळी ते गेले. डोळे त्यांनी पुन्हा उघडले नाहीत.

मित्रांनो, तुमचं कुणी असं खाटेवर असलं, तर ते वाचेल का, हे जरूर विचारा. पण त्याआधी त्याला दुखतंय का, ते विचारा. त्याला सांगता येत नाही. तुम्ही विचारेपर्यंत ते नुसतं सोसत असतं.