एकोणिसावी टाच

“झोप लागली होती तिला, सिस्टर,” एक्वारू म्हणाला. “मी काय मुद्दाम केलं का?”

“सगळ्यांनाच झोप लागते.” अमोंगिनने जुनी पट्टी ट्रेमध्ये टाकली. “या वर्षी एकोणीस टाचा बांधल्या मी या टेबलावर. चौदा पोरं झोपलेली होती. त्यातल्या एका तरी बापाने मुद्दाम केलं होतं का?”

एक्वारूची सहा वर्षांची मुलगी अपोलोट टेबलावर बसून स्वतःची टाच न्याहाळत होती. नवी कातडी गुलाबी आणि तकतकीत होती, दुसऱ्याच कुणाची असावी तशी. सहा आठवड्यांपूर्वी बाजारातून परतताना सायकलच्या कॅरिअरवर तिचा डोळा लागला, पाय सैल सुटला आणि मागच्या चाकात गेला. एक्वारू तिला उचलून इथवर धावत आला होता. त्यानंतर रोज सकाळी तो नाचणीची पेज घेऊन येई. आज ती घरी निघाली होती. सात किलोमीटर. त्याच सायकलवर.

या दवाखान्यात अमोंगिनची बावीस वर्षं गेली होती. तेसोच्या सपाट मुलुखात बाजार, शाळा, चर्च, सगळं सायकलवरच. टाचा बुधवारी आणि शनिवारी येतात, दुपारी दोननंतर, हे तिने केव्हाच टिपून ठेवलं होतं. ते बाजाराचे दिवस; परतीच्या उन्हात पोरं पेंगतात. मागच्या चाकाला चाळीस तारा असतात आणि साध्या वेगातही चाक सेकंदाला दोनदा फिरतं. म्हणजे एका सेकंदात ऐंशी तारा. बाप ब्रेक दाबेपर्यंत हाड दिसायला लागलेलं असतं.

उपायही तिनेच शोधला होता. तेलाचा पिवळा प्लास्टिकचा कॅन उभा कापायचा आणि ते तुकडे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना ट्यूबच्या रबराने बांधायचे, की पाय तारांत जातच नाही. वीस मिनिटांचं काम. सायकलस्टँडवर त्याचं बारसं झालं: लंगोट. आणि ती लंगोटवाली सिस्टर. तिने अकरा जणांना कापून दिले. पुढे एक तिला कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवलेला दिसला, एक गळक्या छपराखाली, एकाचे चपलांचे तळवे झाले होते. चाकावर एकही नव्हता.

“आज बांधूनच जायचं,” ती म्हणाली.

“घरी गेल्यावर बांधतो ना.”

“घरी काय करशील? कोंबड्यांना पाणी ठेवशील?”

एक्वारू ओशाळून हसला. तो स्टँडवर सायकलने माणसं पोचवायचा. “माझ्या पोटावर येईल हो, सिस्टर. आंब्याखाली आम्ही बारा सायकलवाले. लंगोटवाल्याच्या मागे कुठली बाई बसेल? तो ओमोडिंग म्हणेल, एक्वारूची सायकल अजून अंथरूण ओलं करते.”

अमोंगिनला हसू आलं. ते आलं म्हणून ती जास्तच चिडली.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. सुरक्षा सप्ताहाचे साहेब हेल्मेटं घेऊन आले होते. आंब्याखालचे सायकलवाले आधीच रांगेत उभे होते. अमोंगिनने अपोलोटला बाहेर आणलं. तिचा पाय दिसताच साहेब खूश झाले.

“सायकलवरून पडली का? वा! हिला पुढे घ्या.”

त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. ते घसरून तिच्या नाकापर्यंत आलं.

“सुरक्षा म्हणजे काय?” साहेब म्हणाले. “आपलं डोकं आपण सांभाळायचं!”

टाळ्या पडल्या.

“साहेब,” अमोंगिन मागून म्हणाली, “हिची टाच डोक्यात आहे का?”

रांगेत कुणीतरी खिदळलं. साहेबांनी वळून पाहिलं. “म्हणजे हेल्मेट नको तुम्हाला?”

“हवंय. फुटलेली डोकी माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. ती मोठ्या इस्पितळात जातात, नाहीतर जमिनीखाली. त्यांच्यासाठी हवंच. पण माझ्याकडे टाचा येतात. तुम्ही इथे उभे राहून एवढंच सांगा, की चाकाला दोन प्लास्टिकचे तुकडे बांधा. तुमचं ऐकतील हे. माझं ऐकून दात काढतात.”

“ते या कार्यक्रमात बसत नाही, सिस्टर. लेखी कळवा.”

“तीनदा कळवलंय.”

साहेबांबरोबर आलेला फोटोवाला खाली वाकला होता. “ते पोरीचं पाऊल जरा झाका हो कुणीतरी,” तो म्हणाला. “फोटोत वाईट दिसतं.”

अमोंगिनने एका हाताने हेल्मेट काढून साहेबांच्या हातात दिलं, दुसऱ्या हाताने पोरीला उचललं आणि फोटोच्या बाहेर आणलं. तिथे तिला खाली उभं केलं.

एक्वारूने मान खाली घालून सायकल आणली. कॅरिअरवरची गादी त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसली.

“चल पोरी. बस.”

“नाही.”

“काय नाही?”

“मी नाही बसणार.”

“अगं, सात किलोमीटर आहे!”

“चालेन मी.”

“वेडी का तू? मी आहे ना. अगदी हळू चालवतो.”

“तेव्हा पण तूच चालवत होतास, बाबा,” अपोलोट म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फक्त काय झालं होतं ते सांगितलं.

ती चालायला लागली. उजवी टाच जमिनीला न लावता, चवड्यावर. एक्वारू सायकल हातात धरून तिच्या बाजूने निघाला. ती दोघं उरलेल्या अकराच्या अकरा सायकलींसमोरून गेली. ओमोडिंगने आपली सायकल त्यांच्या वाटेतून मागे ओढली.

अमोंगिन आत गेली. कालच कापून ठेवलेले पिवळे तुकडे, रबराच्या पट्ट्या आणि कात्री घेऊन बाहेर आली, तोवर ती दोघं वळणापलीकडे गेली होती. मागे साहेब पुढच्या माणसाला हेल्मेट घालत होते.

फाटकाबाहेरच्या लाल मातीत पावलं उमटली होती. डावं पूर्ण, उजवं अर्धं. डावं पूर्ण, उजवं अर्धं. त्यांच्या शेजारून चाकाची रेघ गेली होती, ओझं नसलेली, उथळ.

त्या पायाने ती फार लांब गेली नसणार. अमोंगिनने तुकडे काखोटीला मारले आणि त्या रेघेच्या कडेने झपाझप चालू लागली.