जुन्या मापाचा स्कर्ट

नवं वर्ष उजाडून चारच दिवस झाले होते आणि टेलरबाईच्या पुढच्या खोलीत कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत चढला होता. वय जेमतेम तिशीचं, पण गल्लीनं तिला कधीच टेलरबाई करून टाकलं होतं. दरवर्षीचंच हे. सुट्ट्यांत लोक खाण्यापिण्याचे लाड करून घेतात आणि कॅलेंडर बदललं की पिशव्या घेऊन हिच्या दारात हजर.

येणारे दोन तऱ्हांचे. काही जण खालच्या आवाजात म्हणत, "दोन बोटं सैल कराल?" काही छाती काढून सांगत, "उलट घट्ट करा! यंदा मी वजन उतरवणारच." या दुसऱ्यांचे कपडे मार्चात परत येतात, हे तिला पाठ होतं. पण ती कोणाला काही बोलायची नाही. बोलायला तोंड होतं कुठं? तिच्या स्वतःच्या स्कर्टचा हुक आठवडाभर लागत नव्हता. तिथं एक सेफ्टी पिन होती आणि ती झाकायला वरून नवऱ्याचा ढगळ शर्ट.

चारच्या सुमाराला नणंद आली, शाळेतून परस्पर आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन.

"वहिनी, आहेस ना गं? हा माझा कोट. बगलेत सैल कर. खाल्लंय दणकून, तुझ्यापासून काय लपवायचं!" ती खळखळून हसली. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आणि हिला शाळेचे दोन नवे स्कर्ट शीव. तुझ्या वहीतल्या मापाचे. सुट्ट्यांआधीच्या."

"माप तरी घेते ताई. मुलं वाढतात."

"वाढलीय, तेच तर म्हणते! घट्टच शीव. कंबरेला रुतलं की ताटाकडे हात जाताना आठवण राहील. नव्या वर्षाचा नियम आहे आमचा."

टेलरबाईनं तरी टेप काढला. ताईंचा शब्द तिनं लग्न झाल्यापासून आठ वर्षांत मोडला नव्हता. हे शिलाई मशीन ताईंचंच. लग्नानंतर त्यांनीच आणून दिलं होतं, "घे, माझ्याकडे धूळ खातंय" म्हणून. पहिली गिऱ्हाइकंही त्यांनीच पाठवली. मशीन नसतं तर ही पुढची खोली नुसती खोलीच राहिली असती.

टेप कंबरेला लागायच्या आधीच भाचीनं पोट आत ओढलं. खांदे वर, ओठ घट्ट मिटलेले. टेलरबाईनं तिचा शर्ट जरासा उचलला. पट्ट्याच्या जागी लाल वळ, आणि हुकाचा ठसा तर दात लागल्यासारखा उमटलेला.

"दुखतं का गं?"

भाचीनं आधी आईकडे पाहिलं. "नाही मामी. डबा नाही ना खाल्ला, की नाही दुखत."

"बघ," नणंद म्हणाली, "जमतंय की नाही?"

तेवढ्यात कापायच्या टेबलाखाली बटणांचा डबा खुळखुळला. टेलरबाईची सहा वर्षांची चिमणी बाहेर आली होती. फ्रॉक वर धरून ती पोट आत ओढून उभी होती, बरगड्या मोजता येतील इतकं.

"मी पण! आई, तू रोज आरशासमोर करतेस ना, तस्सं!"

टेलरबाईनं टेप खाली ठेवला. मग तिनं कोपऱ्यातली चादर ओढली आणि भाचीच्या अंगावर टाकली.

"स्कर्ट काढ. ही गुंडाळून बस."

तिनं टाके उसवायची उसवणी उचलली. पट्ट्याची टीप टरटर सुटायला लागली.

"वहिनी! काय करतेस?"

"सैल."

"मी काय सांगितलं तुला?"

"ऐकलं ताई. मी अंगावर कपडा बेतते. कपड्यावर अंग नाही बेतत."

"माझी मुलगी आहे ती!"

"तुमचीच. मग तुमचा कोट सैल आणि तिचा स्कर्ट घट्ट, असं का?"

"माझं वय झालं गं. तिला आत्ताच वळण लावायला नको?"

"लावा की. अभ्यासाला लावा, अक्षराला लावा. पोट उपाशी ठेवून कसलं वळण?"

नणंदेचा चेहरा उतरला, मग तापला. "मशीन कोणाचं आहे, विसरलीस वाटतं."

टेलरबाईनं प्लग काढला, वायर गुंडाळली आणि मशीनवर झाकण ठेवलं.

"घेऊन जा ताई. रिक्षापर्यंत मी उचलू लागते. पण आधी हा स्कर्ट होऊ द्या. हातानं घालते टाके."

पहिल्यांदा दोरा सुईत गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गेला. शिवणीच्या आत दुमडून सोडलेली दोन बोटं माया तिनं सगळीच्या सगळी मोकळी केली आणि बारीक, पक्के टाके घातले. नणंद उभीच होती. बसली नाही, गेलीही नाही.

"घाल आता. आणि श्वास सोड."

भाचीनं थोडा सोडला.

"अर्धा नको. सगळा."

हुक जागच्या जागी राहिला. भाची बसली, उठली, मांडी घालून परत बसली. मग आईकडे न बघता तिनं दप्तर ओढलं, डबा उघडला आणि खायला लागली. चिमणी तिला चिकटून बसली आणि न विचारता हात घातला.

डबा निम्मा झाला तेव्हा नणंद म्हणाली, "कोट कधी मिळेल?"

"शुक्रवारी. मशीन असलं तर. नसलं तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी."

"जीभ फार चालायला लागलीय तुझी."

"नव्या वर्षाचा नियम आहे."

नणंद हसली नाही. पर्स खांद्याला लावली आणि मुलीचं खाणं होईपर्यंत दारात थांबली. मशीनचं तिनं नाव काढलं नाही. उद्या काढेलही. उद्याचं उद्या.

त्या दोघी गेल्यावर टेलरबाईनं शर्टाखालची सेफ्टी पिन काढली आणि बटणांच्या डब्यात टाकली.

"चिमणे, टेप घे. आता माझं माप घे बरं."

"पोट आत ओढ ना!"

"नाही ओढणार."

चिमणीनं आकडा मोठ्यानं वाचला, दोनदा. खिडकी उघडीच होती. समोरच्या ओट्यापर्यंत नक्की ऐकू गेला असणार. टेलरबाईनं तो वहीत ठसठशीत लिहिला.