माझा पुढचा डोळा गेला तेव्हापासून

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि मला पुढून दिसत नाही. मागचा डोळा तेवढा शाबूत आहे. तिवस्याच्या देवमनभाऊंनी लेकीच्या कॉलेजसाठी मला घेतलं, तेव्हा दोन्ही डोळे लख्ख होते. त्यांच्या प्रियदर्शनीनं माझ्यावर मैत्रिणींचे फोटो काढले, मला उशाशी ठेवून अभ्यास केला. घरात माझे फार लाड होते.

मग तिच्या मनाचा आजार सुरू झाला. नसलेले आवाज तिला ऐकू येऊ लागले. "याच्यातून कोणी मले पाहून राहिलं," म्हणत तिनं एका दुपारी सुईनं माझा पुढचा डोळा खरवडून काढला. मला तिचा राग आला नाही. ती घाबरली होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

उपचार घेऊन ती दवाखान्यातून घरी आली. अमरावतीच्या समुपदेशक गीतांजलीताई दर मंगळवारी व्हिडिओ कॉल करू लागल्या. पण माझी पंचाईत अशी, की पडद्यावर तिला ताई दिसल्या तर ताईंना ती दिसत नसे. ती दिसावी म्हणून कोणाला तरी मला तिच्यासमोर उलटं धरून बसावं लागे. सुरुवातीला देवमनभाऊ बसले. पण मला धरायचं म्हणजे लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं, आणि ते त्या बापाला सोसेना. त्यांनी मला खिडकीत टेकवलं. पडदा लेकीकडे, मागचा डोळा बाहेरच्या गल्लीकडे. ताई म्हणायच्या, तिचा चेहरा दाखवा. भाऊ आतूनच सांगायचे, "बरी हाये ते." तीही तेच म्हणायची.

ती बरी नव्हती हो! मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. कॉल संपला की ती कोणाला तरी हळूहळू उत्तरं देत बसायची. गोळ्यांची पट्टी वाजायची बंद झाली होती. सगळ्यांचे आवाज मी पोचवतो, पण माझा स्वतःचा एक शब्द नाही. मी कोणाला सांगू, कसा ओरडू? जीव नुसता कासावीस व्हायचा.

आज ताईंनी हट्टच धरला. भाऊ कामावर होते. प्रियदर्शनीची आई, पंचफुलाबाई, कणकेचे हात पुसत आल्या आणि मला उचलून लेकीसमोर बसल्या. कित्येक दिवसांनी मलाही ती दिसली. डोळे खोल गेले होते, ओठ सारखे हलत होते. "बरी हाये मी," ती म्हणाली. पंचफुलाबाईंनी मला तिच्या आणखी जवळ धरलं.

मग म्हणाल्या, "ताई, बरी नाई हो माही पोरगी."

प्रियदर्शनी रडू लागली. "आवाज पुन्हा येऊन राहिले, माय. तुमी घाबरसान म्हणून नाई सांगतलं."

ताईंनी डॉक्टरांशी बोलून घेतलं. उद्या सकाळीच तिला घेऊन या, तोवर क्षणभरही एकटी सोडू नका, असं बजावलं. कॉल संपला, पडदा काळा झाला, तरी पंचफुलाबाईंचा हात खाली येईना.

"माय, ताईनं कवाचाच ठेवला फोन."

"ठेवू दे. मी तुले पाहून राहिली."

मित्रांनो, उद्या काय होईल मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते आहे. तुमच्या घरी कोणी अशा आजारातून उठत असेल, तर तुमच्या पाया पडतो, त्याला माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. त्याच्यासमोर बसा, आणि सोसवलं नाही तरी नजर वळवू नका.