डावीकडे सरकलेली माशी

संग्रहालयातल्या जुन्या लष्करी बंदुका ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं मास्तर अधूनमधून स्वतःच सांगत. दुसरं कोणी सांगत नसे म्हणून त्यांना सांगावं लागे, इतकंच. एकोणीस वर्षं ते प्रत्येक बंदूक टेबलावरच्या हिरव्या लोकरी बनातीवर आडवी ठेवून भिंगाखाली बघत, शिक्के वाचत आणि कार्डावर चार ओळी लिहीत. बंदूक खांद्याला लावायची नाही हा नियम त्यांचाच. बंदूक हातात आली की भलेभले उगाच शूर होतात, असं त्यांचं मत होतं, आणि तो नियम ते स्वतःही पाळत.

त्या सकाळी एक पन्नाशीची बाई त्यांच्या टेबलासमोर येऊन बसली. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. शिवणाच्या दुकानातून उठून ती तडक इथे आली होती.

"सातव्या कपाटातल्या बंदुकीच्या कार्डावर 'बिघडवलेली' लिहिलंय," ती म्हणाली. "ते बदलून हवंय."

मास्तरांनी चष्मा काढला. कार्ड बदला म्हणणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"पलटणीत ती माझ्या वडिलांकडे होती," शिवणवाली सांगू लागली. "गेल्या आठवड्यात मी त्यांना हौसेने इथे घेऊन आले. बंदूक बघून आधी खुलले, मग कार्ड वाचलं. 'ती माझ्यासाठी बनवली होती,' एवढंच बोलले, आणि तेव्हापासून तोंड मिटलंय. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खातात आणि भिंतीकडे वळून पडतात. सत्त्याऐंशी वर्षांचं माणूस, असं किती दिवस काढणार?"

मास्तरांना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून कार्ड बदलत नसतात. त्यांनी ती बंदूक आणून बनातीवर ठेवली आणि ते बाईला समजावू लागले.

"हे बघा ताई. नेम धरायला मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. दोन्ही नळीच्या बरोबर वर हवीत. इथे कोणीतरी दोन्ही काढून, लोखंडी पट्ट्यांवर चढवून, चांगली तीन बोटं डावीकडे नेलीत. वर दुर्बीण बसवायची असती तर समजलो असतो, पण ती बसवायला भोकंच नाहीत. कारखान्याचा शिक्का नाही, सगळं हातकानशीचं काम. खांद्याला टेकवायच्या दस्त्याचं लाकूडही वरून खरवडलंय. कोणाच्या तरी रिकामटेकड्या डोक्यातून निघालेला उद्योग आहे हा."

बाई वाकून त्या पट्ट्या बघत राहिली. मग म्हणाली, "काम मात्र नीट केलंय. कडा बघा, एकही टोचत नाही. बिघडवणारा माणूस कशाला एवढा घासत बसेल?"

हे मास्तरांना एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं, त्यामुळे त्यांना जरा रागच आला.

"माझं एक गिऱ्हाईक आहे," ती पुढे म्हणाली. "त्यांचा एक खांदा खाली आहे. त्यांचा कोट खुंटीवर टांगला की वेडावाकडा दिसतो. नवी मुलगी ठेवली होती दुकानात, तिने चुकला म्हणून उसवायला घेतला. मी म्हटलं, अगं, आधी ज्याचा आहे त्याच्या अंगावर बघ."

मास्तरांनी पुन्हा एकदा त्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचे वडील अंगाने कसे आहेत?"

"उजवा डोळा नाही. डाव्या हाताची पहिली दोन बोटंही नाहीत. एकाच स्फोटात गेलं सगळं."

मास्तरांनी उठून दार लावलं, बंदूक रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. डाव्या हाताला चाप ओढायला बोट नाही, म्हणजे बंदूक उजव्याच खांद्याला. त्यांनी ती लावली आणि उजवा डोळा मिटला. मान दस्त्यावरून पलीकडे कलवली, तशी हनुवटी बरोबर त्या खरवडलेल्या जागी बसली. डाव्या डोळ्यासमोर खाच आली आणि खाचेत माशी, जराही इकडेतिकडे नाही. मास्तरांना मनापासून लाज वाटली.

"उद्या त्यांना घेऊन या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा मुलीचा हात धरून आले ते गप्पच. मास्तरांनी बंदूक त्यांच्या हातात दिली. बंदूक खांद्याला टेकली, मान कलली आणि हनुवटी आपसूक त्या खरवडलेल्या जागी बसली. मग बंदूक खाली ठेवून ते बोलू लागले.

"आमच्या पलटणीत बंदुका दुरुस्त करणारा एक होता. दिवसभर ठोकत बसायचा, म्हणून ठोक्या. डोळा गेल्यावर मला घरी पाठवणार होते. हा म्हणाला, तुझं डोकं बंदुकीला जुळत नसेल तर बंदूक तुझ्या डोक्याला जुळवू. परवानगी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, उपाशी राहून कानस चालवायचा. मी नेमबाजीत पुन्हा पहिला आलो, मला ठेवून घेतलं. त्याला मात्र काढून टाकलं. कागदावर लिहिलं होतं, सरकारी बंदूक बिघडवली."

हे मुलीनेही कधी ऐकलं नव्हतं.

"तोच शब्द इथे काचेत दिसला," म्हातारबुवा म्हणाले. "वाटलं, अजून त्याला सोडलेलं नाही यांनी."

"तो शब्द मी लिहिला," मास्तर म्हणाले. "न बघताच लिहिला. चुकलो मी."

मास्तरांनी कोरं कार्ड घेतलं आणि ते लिहिता लिहिता वाचू लागले, "ज्यांच्यासाठी बनवली त्या सैनिकाचं नाव..."

"माझं राहू द्या. त्याचं लिहा."

"खरं नाव काय त्यांचं?"

म्हातारबुवांनी खूप आठवून पाहिलं. "ठोक्याच म्हणायचो सगळे," ते ओशाळून म्हणाले.

मास्तरांनी तेच लिहिलं: 'ठोक्या, पलटणीचा कारागीर, याने एका डोळ्याच्या सैनिकासाठी बनवली.' जुनं कार्ड काढून नवं लावलं आणि काच बंद केली.

म्हातारबुवांनी ते एका डोळ्याने दोनदा वाचलं. ठोक्याच्या नावासमोर काचेवर थोडा वेळ बोट ठेवलं. मग मुलीकडे वळले.

"चल गं घरी," ते म्हणाले. "भूक लागली."