डाव्या बुटातला बिब्बा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जोडीतला डावा. उजव्याचं नि माझं कधी पटलं नाही. आमचा मालक ईट गावचा सिदू, उजव्या हातानं टाकणारा वेगवान गोलंदाज. म्हणजे चेंडू सोडताना त्याचा सगळा देह आदळायचा माझ्यावर. उजवा नुसता मागनं नाक घासत यायचा, आणि फोटोत मात्र दोघं.

मी जन्माचा भित्रा. कारखान्यात तळाला खिळे बसवले तेव्हाच मला वाटलं, संपलं. मग सिदूनं मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी धाराशिवच्या स्टँडजवळ चप्पल शिवणाऱ्याकडून अंगठ्यापाशी भोक पाडून घेतलं. पाय आदळला की अंगठा पुढं घुसतो, नख काळं पडून गळतं, म्हणून वेगवान गोलंदाज असं करतात. हे त्याच्या आईला, गजराबाईंना, काही केल्या पटेना.

"उंदरानं कुरतडल्याला बूट गळ्यात मारला व्हय तुझ्या?"

"म्याच पाडून घेतलंय भोक, आई."

"नव्या बुटाला?"

"व्हय."

गजराबाईंनी पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग आमचे चांगले दिवस आले. सिदू राज्याच्या संघात गेला. गावानं सत्कार ठेवला. बॅनरवर सिदू एवढासा आणि सत्कार करणारे हे एवढे. प्रमुख पाहुण्यांच्या आग्रहावरनं त्यानं मंडपातच एक चेंडू टाकला, तो लाऊडस्पीकरच्या कर्ण्यात जाऊन बसला आणि पाहुण्यांचं भाषण आतच अडकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजराबाई तेवढ्या घाबरल्या. एवढ्या डोळ्यांनी पोराला बघितलं, आता नजर लागणार.

पुढच्याच मोसमात सिदूच्या पाठीच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टर म्हणाले, अंगावर ताण फार पडला. गजराबाई म्हणाल्या, बघा.

सिदू खाटेवर, मी खाटेखाली. शेळीनं माझी नाडी खाल्ली. एका कोंबडीनं माझ्यात अंडं घातलं. मी दिवसभर अंग आक्रसून बसलो, फुटलं तर नाव माझंच येणार.

पाठ बरी झाली तसा प्रशिक्षक नंदीश सरांचा फोन आला. "दोन दिवसांचा सामना आहे. निवड करणारे येतायत. तुझा वेग परत आला का, एवढंच बघतील. नाही दिसला, तर तुझी जागा घ्यायला पोरं तयार आहेत बघ."

"व्हय सर," सिदू म्हणाला. त्या दिवसापास्नं त्याला जेवण जाईना. मला घालून बघायचा तेव्हा पाय गार लागायचा. क्रिकेट सोडून त्याला काही येत नव्हतं, आणि घरची मेंढरं तर चुलत्यानं कधीच विकली होती.

निघायच्या दिवशी गजराबाई तुळजापूरला जाऊन आल्या. सिदू अंघोळीला गेला तसं त्यांनी मला उचललं, भोकाला कुंकू लावलं, आतला गादीचा तुकडा वर केला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा खाली सरकवला.

बिब्बा म्हणजे काळं, टणक फळ. नजर लागू नये म्हणून लेकरांच्या गळ्यात बांधतात. पण तो फुटला, की आतलं तेल कातडी जाळतं, फोड आणतं. गजराबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुसरंच. पोराचा सामना त्यांनी कधी बघितलाच नव्हता, आपलीच नजर लागायची म्हणून. बूट चालायला असतो, अशी त्यांची समजूत. मी मात्र भीतीनं गारठलो. सांगणार कसं, आणि कुणाला?

पहिल्याच चेंडूला बिब्बा कडकन फुटला. सिदूला वाटलं, नवा खिळा बसला. तो त्या दिवशी वाऱ्यासारखा धावला, पण गडी एकही बाद झाला नाही. तेल मुरत राहिलं. सकाळी तळपाय काळा आणि फोडांनी भरलेला. सिदूनं माझ्यातली गादी उचलली. आत भुगा आणि काळा दोरा. तो त्या दोऱ्याकडं बघत बसला.

"पायाला काय झालं रे?" नंदीश सरांनी विचारलं.

"बूट चावला सर."

ऐकलंत? आळ माझ्यावर. तेवढ्यात घरनं फोन. "बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय, आई."

मग तो तसाच मैदानात उतरला. तापल्या तव्यावरनं चालल्यासारखा धावत यायचा आणि पाय टेकवायच्या भीतीनं चेंडू कसाबसा सोडायचा. मीही आत आक्रसून, आता पाठ मोडतीय का पाय मोडतोय. चेंडू इतका निवांत जायचा, की फलंदाजाची बॅट फिरून झाल्यावर पोचायचा. एक त्रिफळा उडाला. मग दुसरा. तिसरा फलंदाज तर फटका मारून तोल जाऊन पडला आणि पडल्यापडल्या त्यानं चेंडू स्टंपावर जाताना बघितला.

निवड करणाऱ्यांनी माना डोलवल्या. पोरगं डोक्यानं टाकतंय म्हणाले. सिदू संघात आला. पेपरात आलं, सिदूचं नवं अस्त्र. नंदीश सर म्हणाले, "तो संथ चेंडू नेटमध्ये सगळ्यांना शिकव." सिदूनं भाजलेला पाय बाकाखाली ओढला.

घरी आलो तर गजराबाई दारात, हातात पिशवी. "अख्ख्या संघासाठी बिब्बे आणल्यात. गुण आला की न्हाय?"

सिदू खाली बसला. मोजा काढताना त्याचा हात थांबला, पण मग काढलाच. गजराबाईंनी काळा डाग बघितला. आत गेल्या, बिब्ब्यावर उतारा म्हणून खोबरं वाटून आणलं आणि पोराचा पाय मांडीवर घेऊन लावत बसल्या.

"बोलला का न्हाईस?"

"तू घाबरली असतीस."

"आरं, म्या घाबरूनच घातला की."

"म्याबी घाबरूनच टाकत हुतो, आई."

डागावर फुंकर घालत त्यांनी विचारलं, "पुढचा सामना कधी हाय?" आणि त्या सामन्याला त्या गेल्या, पदर डोळ्यांवर धरून का होईना.

आता सिदूला नवे बूट आलेत. मला गजराबाईंनी नव्या घराच्या गच्चीवरनं उलटं टांगलंय, नजर लागू नये म्हणून. वारा आला की मी दोरीला धरून असतो. पण मित्रांनो, खरं सांगतो, इथं बरं आहे. बूट घालायच्या आधी आत हात घालून बघत जा. आणि आपल्या माणसासाठी भीती वाटत असली, तर ती अशी बाहेर टांगा, चारचौघांना दिसंल अशी. त्याच्या पायाखाली लपवू नका.