केकावरचा आळ

अफशीनचा केक करायचा म्हटलं की रुस्ताकच्या त्या घरात आदल्या दिवसापासून चपात्या बंद. गव्हाचं पीठ उडतं, भांड्यांवर बसतं, म्हणून फरिदा नवऱ्याला, जैनुद्दीनला, दोन दिवस भातावर ठेवायची. तोही दुकानातून येऊन मुकाट जेवायचा.

अफशीन म्हणजे सोहारच्या अंबरीनची मुलगी. अंबरीन आणि फरिदा दापोलीकडच्या एकाच मोहल्ल्यातल्या, शाळेत एकाच बाकावर बसलेल्या, आणि लग्नानंतर दोघीही ओमानात आलेल्या, एक सोहारला, एक रुस्ताकला. फरिदाला मूल नव्हतं. अंबरीनच्या एकुलत्या एक पोरीला गहू, दूध, अंडं, काजू-बदाम काहीच चालत नव्हतं. चुकून तोंडात गेलं तर ओठ सुजायचे, श्वास अडायचा. वाढदिवसाला तिच्यापुढे कलिंगड कापायचे. ते बघून फरिदाने हट्टाने केक शिकून घेतला. तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळायचे; अंड्याऐवजी कुस्करलेलं केळं, दुधाच्या जागी नारळाचं दूध, गोडीला खजूर. कितीतरी केक मध्येच बसले, काही विटेसारखे झाले. शेवटी एक जमला आणि अफशीनने पहिल्यांदा केकावरच्या मेणबत्तीला फुंकर मारली.

सातव्या वाढदिवसालाही फरिदा तसाच केक घेऊन गेली. केक कापून झाल्यावर जैनुद्दीनला दुकान उघडायचं होतं, म्हणून दोघं लवकर निघाली. गाडीत असतानाच अंबरीनचा फोन आला.

"फरिदा, केकात काय घातलंस गं तू? पोरीला हॉस्पिटलात आणलंय."

अफशीन बरी झाली. पण फरिदा काही सावरली नाही. तिने पीठ फेकलं, डबे फेकले, ओव्हन घासघासून बोटं सोलून घेतली. कुठे चुकलं ते सापडेना. पुढे कुणाच्या घरी दावत असली की बायका तिने नेलेल्या डब्याचं झाकणही उघडेनात. सगळ्यांत वाईट म्हणजे, ईदला भेटल्यावर तिने अफशीनला साधा खजूर दिला, तर तिला मावशी मानणारी पोर हात मागे घेऊन म्हणाली, "नको खाला. मी सिक होईन."

त्यानंतर फरिदाने ओव्हन लावला नाही.

काही महिन्यांनी अंबरीनचा नवरा ओवेस कंपनीच्या कामाने रुस्ताकला आला आणि दुपारी त्यांच्याकडे जेवायला थांबला. हात धुता धुता तो म्हणाला, "भाभी, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून आमचं घर राहिलं."

"मी काय केलं, ओवेसभाई?"

"तो बिस्किटाचा मामला स्वतःच्या अंगावर घेतलात ना. अंबरीनने सांगितलं मला, तुम्ही आपण होऊन म्हणालात, सासूला माझं नाव सांग."

फरिदाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पाहुण्यांनी आणलेलं काजूचं बिस्किट होतं. बाकीची पोरं खात होती, अफशीन रडत होती, आणि अंबरीनने पुडा न वाचताच तिला दिलं होतं. ओवेस सांगत होता. फरिदाला सगळं माहीत आहे, अशीच त्याची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी ती जैनुद्दीनला घेऊन सोहारला गेली. अंबरीनने चेहरा बघूनच ओळखलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"हळू बोल. अम्मी बाहेर आहेत. आधी एकदा माझ्या हातून असंच झालं होतं. पुन्हा झालं तर अफशीनला गावाला घेऊन जाईन, म्हणाल्या होत्या. मी काय करणार होते?"

"मला सांगायचंस. मी खरंच घेतलं असतं अंगावर."

अंबरीन चिडून म्हणाली, "तुझं काय गेलं गं? तुझ्या घरात कोण पोर आहे हिरावून न्यायला?"

फरिदाला वाटलं, हिला आपण ओळखतच नव्हतो. ती सरळ बाहेर आली. दिवाणखान्यात गावाहून आलेल्या सासू हवाबी तसबीहची माळ फिरवत होत्या. शेजारी अफशीन चित्र रंगवत होती.

"अम्मी, माझ्या केकात काही नव्हतं," फरिदा म्हणाली. "बिस्किटाने झालं होतं. अंबरीनला ठाऊक आहे, ओवेसभाईंनाही."

हवाबींनी सुनेकडे पाहिलं. अंबरीन दारात उभी होती, खाली मान घालून. अफशीनने खडू ठेवला. "मग खालाचा केक सेफ होता?"

"होता, बाळा."

अफशीन आईकडे बघत राहिली. ते बघणं फरिदाला सोसवेना. हवाबी हात धरून बसवू पाहत होत्या, तरी ती निघाली.

हवाबींनी पोरीला गावाला नेलं नाही. त्या स्वतःच सोहारला राहिल्या आणि तिचं जेवण आपल्या हातात घेतलं. हे फरिदाला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर अंबरीनचा मेसेज आला : 'घर मोडलंस माझं. मैत्रीण म्हणवतेस?'

फरिदाने तो जैनुद्दीनला वाचून दाखवला. त्याने गाडी बाजूला घेतली. तिने बरंच लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं : 'पुडा वाचत जा.'

त्यानंतर त्या दोघी कधी बोलल्या नाहीत.